बशीत काहीच उगवलं नाही

विद्यापीठात काय करता असं कोणी विचारलं की मी सांगत असे, भांडी घासते. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरची बाई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "असू द्या हो, कष्टाचंच खाताय." मी म्हटलं, "कष्टाचं खातेय, शिवाय रविवारी सुट्टी असते. तुम्हाला असते का?" जिलबी संपेपर्यंत तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

कागदावर माझं पद प्रयोगशाळा परिचर. शिक्षण चौथी पास. नोकरी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचा अभ्यास जिथं चालतो तिथं. निवृत्त होऊन थोडीच वर्षं झाली. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या शब्दांत लिहा." दुसऱ्या कोणाचे शब्द माझ्याकडे नव्हतेच.

आधी काम सांगते, कारण भांडी घासणं म्हटलं की लोकांना भाताची शितं दिसतात. आमच्याकडचं खरकटं वेगळं. मुलं झाकणाच्या काचेच्या बशीत जेलीसारखं खाद्य ओततात आणि त्यावर जंतू वाढवतात. मटकीला मोड यावेत तसे ते ठिपक्याठिपक्यांनी उगवतात. मुलांचं बघून झालं की बशा माझ्याकडे. त्या तशाच घासायला घेतल्या तर माझी रवानगी दवाखान्यात. म्हणून आधी सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे एका मोठ्या कुकरमध्ये, वाफेवर शिजवायचं. जंतू मेले की खाद्य खरवडायचं. मग साबण, ब्रश, नळाचं पाणी, पुन्हा नळाचं पाणी, पुन्हा नळाचं पाणी, आणि शेवटी वाफ थंड करून केलेलं शुद्ध पाणी. भट्टीत वाळवायचं. नळ्यांना कापसाचे बोळे करून बसवायचे. बोळा ओढला की 'पक्' असा आवाज आला पाहिजे. सैल झाला तर हवेतले जंतू आत शिरतात, फार घट्ट झाला तर मुलं दात-ओठ खात ओढतात आणि नळी फोडतात. मग सगळं कागदात गुंडाळून पुन्हा कुकरमध्ये.

यात सगळ्यात वाईट काय, तर साबण राहणं. साबणाचा अंश राहिला तर त्या बशीत काही वाढत नाही. नवी मुलं कोरी बशी बघून खूश होतात. जुनी मुलं घाबरतात. कारण बशीत काही उगवलं नाही याचा अर्थ तिथं काही नव्हतं असाही होतो, आणि तुम्ही कुठंतरी चुकलात असाही होतो. यातलं कुठलं ते बशी सांगत नाही.

मुलं तऱ्हेतऱ्हेची. एकानं बीकरमध्ये मॅगी केली. बीकर म्हणजे चोच असलेला काचेचा मोठा पेला. मी आत गेले तर साहेब काचेच्या दांडीनं शेवया ढवळत होते. मी मॅगी संपू दिली, मग बीकर घेतला आणि त्याच्यासमोर बादलीत फोडला. तो म्हणाला, "मावशी, धुतला असता ना!" मी म्हटलं, "धुतला असता. पण उद्या दुसरा कोणी म्हणेल, मावशीनं धुतलेल्यात खाल्लं तर चालतं. आणि त्याच्या आधी त्यात काय होतं ते तुला कुठं माहीत आहे?" पुढं तो मोठा शास्त्रज्ञ झाला, परदेशात असतो. मॅगी सोडली की नाही ते विचारलं नाही.

एक मुलगी तोंडी परीक्षेच्या आधी माझ्या सिंकला नमस्कार करायची. मी तिला सांगितलं, "तिथं काल गटाराचं पाणी ओतलंय." तरी करायची. पास झाली.

आता काच गेली, प्लास्टिकच्या बशा पाकिटातून येतात, वापरून फेकतात. माझ्या जागेवर पुढं कोणी आलं नाही. याचं वाईट वाटतं का? वाटतं. काचेचं भांडं नीट धुतलं आणि पालथं धरलं की पाणी एकसारखं खाली उतरतं, एक थेंब चिकटत नाही. ते बघायला मला आवडायचं. प्लास्टिकमध्ये बघण्यासारखं काही नाही.

पण मला सांगायचं आहे ते पल्लवीचं.

पल्लवी चंद्रपूरकडची. एम.एस्सी.ला आली तेव्हा पुण्यातलं तिला काहीच पटेना. मेसची भाजी गोड, रिक्षावाले उर्मट, आणि दुकानदार 'नाही' म्हणतानाच समाधानी दिसतात, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं, "त्यात चूक काही नाही, सवय कर." दुपारी ती डबा खायला माझ्याकडे यायची, म्हणजे माझ्या डब्यातला ठेचा खायला. तिचे मार्गदर्शक लिमये सर. शनिवार पेठेतले. आवाज कधी चढवायचे नाहीत, कारण त्यांना त्याची गरज पडायची नाही.

पल्लवीनं प्रकल्पासाठी पाणी घेतलं. विश्रांतवाडीच्या पुढं एका वस्तीत एक गल्ली आहे, तिथली मुलं दर पावसाळ्यात जुलाबानं आजारी पडायची. विभागाचं वस्त्यांमध्ये काम चालायचं, त्यातून हे कळलं होतं. गल्लीतल्या लोकांनी मुख्य नळापासून आत स्वतःच वर्गणी काढून प्लास्टिकचा पाइप टाकला होता, आणि जागा नव्हती म्हणून तो गटारातून नेला होता. पाइपाचे सांधे गटारात बुडालेले. पाण्यात घाण जात असणार, असा पल्लवीचा अंदाज. पण अंदाजावर कोण पाइप उचलतो?

सर मला म्हणाले, "शांताबाई, आपण हिच्याबरोबर जाल का? ही एकटी गेली तर भाषण करील. आपण गेलात तर लोक बोलतील." मी खडकीला राहते, तिथून ते लांब नाही. गेले.

गल्लीच्या तोंडाशी मंडळाचे अध्यक्ष तानाजीभाऊ उभे. पाइप टाकण्यात हेच पुढं होते, त्यामुळे पाइपाला नाव ठेवलं की ते त्यांना लागायचं. म्हणाले, "मॅडम, आमच्या गल्लीचं पाणी एक नंबर. पोरं बाहेरचं खातात."

"तीन वर्षांची पण बाहेरचं खातात का जी?" पल्लवीनं विचारलं.

"तुम्ही कुठल्या?"

"चंद्रपूर."

"मग तुम्हाला पुण्याचं पाणी माहीत नाही."

मागून एक बाई हसली. ती मंगल. साठीच्या आतबाहेरची, घरकामं करणारी, जीभ चाकूसारखी. तिची नात परी, चार वर्षांची, आदल्या पावसाळ्यात सलाईनवर होती. मंगल म्हणाली, "भाऊ, तपासू द्या की. पानी काय लाजतंय का?"

तानाजीभाऊ सगळ्यांदेखत बोलून गेले, "तपासा. पाणी खराब निघालं तर दुसऱ्या दिवशी पाइप गटारातून वर घेतो. नाही निघालं तर परत पाइपाचं नाव काढायचं नाही."

ठरलं. आता अडचण अशी की गल्लीत पाणी पहाटे पाचला येतं आणि तासाभरात जातं. मुलींच्या वसतिगृहाचं दार सहाला उघडतं. मग पल्लवीनं ठरवलं की आदल्या संध्याकाळी घरोघर एकेक बाटली द्यायची, बायकांनी पहाटे नळाखाली धरून भरायची, झाकण घट्ट लावायचं, आपण सकाळी गोळा करायच्या. बाटल्या मी धुतलेल्या, कुकरमधून काढलेल्या, कागदात गुंडाळलेल्या. पल्लवीनं प्रत्येक घरी समजावलं. आत बोट घालू नका. विसळू नका. झाकण खाली ठेवू नका. बायकांनी माना डोलावल्या. एक म्हणाली, "एवढं तर आम्ही देवाच्या तांब्यालाबी करत न्हाई."

सकाळी बाटल्या तयार. प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर, काठोकाठ भरलेल्या, वरून पुसलेल्या. काहींनी खाली ताटली ठेवली होती. मला कौतुक वाटलं.

विभागात ते पाणी बशांमधल्या खाद्यावर पसरलं आणि दोन दिवसांनी बशा बघितल्या. कोऱ्या. एखादा ठिपका इथं, एखादा तिथं, पण घाणीच्या पाण्यात जे उगवायला हवं त्यातलं काहीही नाही. सगळ्या गल्लीच्या बशा एकसारख्या कोऱ्या.

सर बशा उजेडात धरून म्हणाले, "अभिनंदन. असं पाणी मला शनिवार पेठेत मिळत नाही. बाटल्यांत भरून विकायला हरकत नाही."

पल्लवीचा चेहरा एवढासा झाला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं काय विचारणार ते. मी म्हटलं, "साबण राहिला नाही."

"मी म्हटलं का राहिला?"

"म्हणायच्या आधी सांगितलं."

"मग आपण तपासू. आपल्याला वाईट वाटणार नसेल तर."

"वाटेल. तपासा."

त्यांनी माझ्याच धुतलेल्या बाटल्यांतल्या काही घेतल्या आणि जवळच्या नाल्याचं पाणी त्यांत भरायला लावलं. दोन दिवसांनी त्या बशांमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती इतके ठिपके. सर म्हणाले, "शांताबाई, बाटल्या निर्दोष सुटल्या." मी म्हटलं, "बाटल्यांचं मला माहीतच होतं. आता पाण्याचं बघा." पाण्याचं काय बघायचं ते त्यांनाही सुचत नव्हतं. ते एवढंच म्हणत राहिले, "खरं पाणी इतकं एकसारखं नसतं. शेजारच्या दोन नळांत फरक असतो. हे सगळं एका घागरीतून काढल्यासारखं आहे."

तेवढ्यात पल्लवीनं एक गोष्ट केली. तानाजीभाऊंचा फोन आला आणि तिनं खरं ते सांगितलं, की सध्या काही निघालं नाही. सध्या हा शब्द त्यांनी ऐकला नाही. आठवड्यानं आम्ही गेलो तर गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची पाटी. 'या गल्लीतील पाणी विद्यापीठाने तपासून शुद्ध ठरविले आहे. कृपया अफवा पसरवू नये. हुकुमावरून.'

मी म्हटलं, "हुकूम कोणाचा?"

तानाजीभाऊ म्हणाले, "शास्त्राचा."

ते विनोदानं बोलत नव्हते. आणि पाटीचा परिणाम झाला. ज्या दोन-चार घरांत पाणी उकळायचे, त्यांनी ते बंद केलं. गॅस कशाला जाळायचा, शुद्धच आहे ना? पाऊस सुरू झाला, गटार भरून वाहायला लागलं, आणि महिन्याभरात परी पुन्हा दवाखान्यात. या वेळी नुसती सलाईन नव्हती, दोन दिवस डॉक्टर काही सांगेनात.

पल्लवीला ही बातमी विभागात कळली. ती सिंकपाशी येऊन रडायला लागली. "माझ्यामुळं झालं जी मावशी. मी तपासलं नसतं तर त्यांनी पाणी तरी उकळलं असतं."

मला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते येत नाही. मी म्हटलं, "रडून झालं की हात धू, आपण तिकडं जाऊ."

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

परी वाचली, ते आधीच सांगते, उगाच ताणत नाही. आम्ही गेलो तेव्हा मंगल तिला घरी घेऊन आली होती. पोरगी भिंतीला टेकून बसलेली, हात काडीसारखे, बिस्किट नुसतं हातात धरलेलं. मंगल आम्हाला बघून उठली. मला वाटलं हाकलून देईल. तिनं चटई टाकली. पल्लवीसमोर पाण्याचा पेला ठेवला.

पल्लवीनं पेला उचलला आणि थांबली. म्हणाली, "आजी, राग मानू नका. हे नळाचं आहे का?"

मंगल एकदम भडकली. "न्हाई गं बाई! तुला नळाचं दीन व्हय? आलेल्या मानसाला असलं पानी देत न्हाई आमी. जारचं हाय." आणि तिनं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं निळा जार होता, दुकानातून विकत येतो तो, फिल्टरच्या पाण्याचा. "सगळ्या गल्लीत माझ्याकडंच हाय. आमच्या मालकांच्या पोटाचं ऑपरेशन झालं तवापास्नं. कुनाकडं पावणा आला की माझ्याकडनं तांब्या भरून नेत्यात."

पल्लवीनं पेला खाली ठेवला. हळूच विचारलं, "आणि आजी, आमच्या बाटल्या?"

"कुटल्या?"

"त्या दिवशी दिल्या होत्या त्या. त्यांत कोणतं पाणी भरलं?"

"जारचंच की! विद्यापीठात जायचं पानी, सायब लोकं बगनार, त्यात काय गाळ घालून दिऊ? सगळ्याजनी रांग लावून भरून घेऊन गेल्या माझ्याकडनं. जार रिकामा केला माझा." आणि मग आमचे चेहरे बघून, "का? काय झालं?"

मी कपाळाला हात लावला. पल्लवी हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. मंगल मला विचारते, "हिला काय होतंय?"

सांगते, मला त्या बायकांचं काहीच नवल वाटलं नाही. माझ्या घरी कोणी बाटली देऊन सांगितलं असतं, की तुमचं पाणी विद्यापीठात बघायला न्यायचं आहे, तर मीही गाळून, उकळून, चांगल्यातलं चांगलं दिलं असतं. घरातली फाटकी चादर कोणी पाहुण्यांना दाखवतं का? आम्ही त्यांना बोट घालू नका सांगितलं, विसळू नका सांगितलं. घाण पाणीच हवं आहे, हे मात्र कोणी सांगितलं नाही. ते न सांगता कळेल असं आम्हाला वाटलं होतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे विकतचंच होतं." आणि लगेच, "पल्लवी, पहाटे पाचला नळावर तुम्ही स्वतः हव्यात. वसतिगृहाच्या रेक्टरशी मी बोलतो. आणि या वेळी लोकांना आकडे सांगू नका. डोळ्यांना दिसेल असं करा."

डोळ्यांना दिसेल असं म्हणजे वेगळ्या लहान बाटल्या. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, घरातच ठेवायची. पाण्यात मैल्याची घाण मिसळत असेल तर दीड-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. यंत्र नको, शिकलेलं माणूस नको.

पल्लवी मंगलकडे राहायला गेली. मी पहाटे रिक्षानं पोचले. पाणी यायच्या आधीच गल्ली जागी झालेली, हंडे रांगेत. पल्लवी नळाचं तोंड स्पिरिटनं पुसत होती आणि बायका भोवती उभ्या.

"आता नळाला बी औषध?"

"इंजेक्शन द्यायच्या आधी हाताला लावतात ना, तसं," पल्लवी म्हणाली.

"आमच्या नळाला इंजेक्शन!" आणि सगळ्या हसल्या.

मंगल कमरेवर हात ठेवून ओरडली, "ए, ऐका गं. चांगलं पानी कुनीबी द्यायचं न्हाई. घान पानी पायजे. माझ्या जारला कुनी हात लावला तर बगा." दोन तास भाषण करून पल्लवीला जे सांगता आलं नसतं ते तिनं एका दमात सांगितलं.

पाणी आलं. चांगलं जोरात आलं, आणि थोड्या वेळात बारीक झालं. कारण तानाजीभाऊंच्या घरात मोटर सुरू झाली. लाइनवर मोटर लावली की ती पाणी ओढते. पाइपात पाणी कमी पडलं की ती सांध्यांमधून जे बाहेर आहे ते ओढते. बाहेर गटार होतं. हे पल्लवीनं मला तिथंच सांगितलं, हळू आवाजात, कारण तानाजीभाऊ दात घासत दारात उभे होते.

प्रत्येक घरानं दोन लहान बाटल्या भरल्या. एक नळाची, एक जारची. या वेळी जार मंगलनं स्वतः उघडला. तानाजीभाऊंच्या घरची बाटली त्यांच्या बायकोनं, सुनंदानं, भरली. ते म्हणाले, "भर, भर. पुन्हा तेच निघणार." बाटल्या कोणी विद्यापीठात नेल्या नाहीत. ज्याच्या त्याच्या घरात, टीव्हीशेजारी, देव्हाऱ्याखाली, ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारीच पल्लवीचा फोन वाजायला लागला. कोणाची करडी झाली, कोणाची काळी. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर बायका बाटल्या घेऊन रस्त्यावर. जारच्या तशाच्या तशा. नळाच्या काळ्या, कोणाची काळसर, कोणाची शाईसारखी. एक म्हातारी बाटली लांब धरून उभी होती, जणू ती चावेल. कोणी हसत नव्हतं. एकजण म्हणाली, "हेच आम्ही पोरांना पाजतोय."

तानाजीभाऊ म्हणाले, "औषधातच काहीतरी असेल. कंपनीचा माल असतो, आपल्याला काय कळतं."

तेव्हा सुनंदा घरातून आली. मी तिला तोवर बोलताना ऐकलं नव्हतं. तिनं बाटली त्यांच्या समोर धरली. "अहो, आपलीच सगळ्यात काळी आहे."

"आत जा."

"जाते. पण मोटरनं आपणच जास्त ओढतोय ना? मग जास्त गटार आपल्याच टाकीत येतंय. मी त्याचाच चहा करते तुम्हाला सकाळी."

तानाजीभाऊंनी बाटली घेतली, उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. मला वाटलं, आता हा माणूस आमच्यावर तुटून पडणार, आणि पुढची दहा वर्षं पाइप गटारात राहणार. मंगल परीला कडेवर घेऊन त्यांच्या समोर उभी होती.

तानाजीभाऊ म्हणाले, "रविवारी घेऊ वर." मग आवाज चढवून, "मी काय शब्द फिरवणारा माणूस आहे का? क्लिपा लागतील भिंतीला. आणि पाटी कोण काढतंय? काढा रे ती!"

रविवारी विद्यापीठातली तीस-चाळीस पोरं-पोरी आली. निम्म्यांनी आयुष्यात पाना हातात धरला नव्हता. एक मुलगा गटारात गुडघ्यापर्यंत गेला आणि त्याचा बूट आतच राहिला, तो कायमचा. गल्लीतल्या प्लंबरनं त्यांना इतक्या शिव्या दिल्या की त्यातल्या काही मलाही नव्या होत्या. पण संध्याकाळपर्यंत पाइप गटारातून निघून भिंतीवर, कमरेच्या उंचीला गेला. जुने सांधे कापून काढले तेव्हा एकातून काळा गाळ हातभर लांब बाहेर आला. तो बघायला तानाजीभाऊंनी सगळ्यांना बोलावलं, जणू त्यांनीच शोध लावला. ज्यानं पाइप उचलला त्याला तेवढं असू द्यावं. मोटरचं मात्र सोपं गेलं नाही. ती काढायला सुनंदाला आणखी महिना लागला. कसं केलं ते तिनं सांगितलं नाही.

पाइप वर गेल्यावर पुन्हा बाटल्या भरल्या. दोन दिवस, तीन दिवस, एकही काळी नाही. पल्लवी नाचायची बाकी होती. आणि मंगल म्हणते काय, "खोटं हाय. कुनीतरी जारचं भरलं असंल." मला हसू आवरेना. पुन्हा भरल्या. या वेळी मंगलनं घरोघर उभं राहून भरून घेतल्या, एकीचा हात बाटलीच्या तोंडाला लागला तर तिची बाटली रद्द केली. पुन्हा स्वच्छ. तेव्हा कुठं तिचा विश्वास बसला. लिमये सरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "शांताबाई, या बाईंना आपल्या विभागात घेता आलं असतं तर बरं झालं असतं. आमच्यातले काही एकदाच बघून छापतात."

पल्लवीला पदवी मिळाली. तिनं प्रबंधात पहिल्या फसलेल्या बाटल्यांचं सगळं लिहिलं, जारसकट. ते गाळावं असं कोणी तरी सुचवलं होतं, सरांनी गाळू दिलं नाही. आता ती तिच्याच भागात पाण्याचं काम करते. फोन करते कधीकधी. मी विचारते, पहाटे नळावर स्वतः गेली होतीस का? ती म्हणते, "गेली होती ना जी!"

गल्लीचं खरं कळणार होतं ते पुढच्या पावसाळ्यात. त्या पावसाळ्यात एकाही पोराला सलाईन लागली नाही, असं मी लिहिणार नाही. एकाला लागली. त्यानं चौकातली भेळ खाल्ली होती, असं त्याची आई सांगते, आणि ते मी तपासलेलं नाही. पण परीला लागली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

मी अजून महिन्यातून एकदा खडकीहून तिकडं जाते. मला कोणी बोलावत नाही, कोणी नको म्हणत नाही. बाटल्या आता मंगल आणि सुनंदा भरतात, मी बसून चहा पिते आणि चुका काढते. मागच्या खेपेला गेले तर मंगल घाईत होती. परी आता पहिलीत आहे. तिनं वर्गात बाईंना विचारलं होतं, की शाळेच्या टाकीतलं पाणी कोण तपासतं. बाईंना उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी आजीला भेटायला बोलावलं होतं. मला वाटलं, पोरगी उलटून बोलली म्हणून आता मंगल तिला ओरडणार. मंगलनं पदर खोचला, पिशवीत दोन बाटल्या टाकल्या आणि मला म्हणाली, "चला, येताय का? मला एकटीला आत सोडत्यात का न्हाई कुनास ठाऊक."

आत सोडलं. टाकीचं झाकण काढायला शिपायानं थोडी कुरकूर केली. मंगल त्याला म्हणाली, "दादा, चांगलं पानी नको आमाला. हाय तेच द्या."